जलसंचयाचे पुण्य आणि राखणीचे दायित्व

भारतीय संस्कृतीने पाणी साठविण्याच्या कार्यास सदैव पुण्यकर्म मानले आहे. विहीर खोदणे, तळे बांधणे, वाटसरूंसाठी पाणपोई घालणे ही कामे राजांनी केली, तशीच ती श्रेष्ठींनी आणि सामान्य गृहस्थांनीही केली. तेराव्या शतकातील गुजरातचे महामात्य वस्तुपाल आणि त्यांचे बंधू तेजपाल यांची आठवण आज आबूच्या मंदिरामुळे निघते. परंतु त्यांच्या दानकार्यात विहिरी, तळी आणि जुन्या वास्तूंचे जीर्णोद्धार यांचाही मोठा वाटा होता.

तथापि तळे बांधून झाले म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही. मंदिराची भिंत दुर्लक्षामुळे पडली तर हानी बहुधा त्या जागेपुरती असते. अडविलेल्या पाण्याचे तसे नाही. त्याचा भार बांधावर अहोरात्र असतो, आणि बांध फुटला तर त्याचे फळ मालकाला नव्हे, तर खाली वस्ती करून राहणाऱ्या, त्या तळ्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांना भोगावे लागते. विशेषतः जी लहान धरणे व तलाव एखाद्या व्यक्तीच्या, कारखान्याच्या, मंडळाच्या किंवा धर्मसंस्थेच्या मालकीचे असतात, त्यांचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

ऊर्जयंताच्या पायथ्याचा धडा

श्री नेमिनाथ भगवंतांच्या निर्वाणाने पावन झालेल्या गिरनारची यात्रा अनेक कुटुंबांनी केली असेल. जुनागढहून डोंगराकडे जाताना वाटेत एक मोठी शिळा लागते. तिच्यावर सम्राट अशोकाचे आदेश, महाक्षत्रप रुद्रदामनाचा लेख आणि गुप्तसम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा लेख असे तीन कालखंडांचे लेखन आहे. यांपैकी पुढचे दोन्ही लेख एका तळ्याविषयी आहेत. त्या तळ्याचे नाव सुदर्शन.

जैन परंपरेने ज्यांना भद्रबाहू स्वामींचे शिष्य मानले, त्या चंद्रगुप्त मौर्याच्या काळी त्याचा राष्ट्रीय पुष्यगुप्त याने हे तळे बांधविले. अशोकाच्या काळी यवनराज तुषास्फ याने त्याला कालवे जोडले. पुढे शकवर्ष ७२ मध्ये, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, प्रचंड वादळी पावसात ऊर्जयंतावरून येणाऱ्या नद्यांना पूर आला आणि बांध फुटला. भगदाड चारशे वीस हात लांब, तितकेच रुंद आणि पंचाहत्तर हात खोल होते, अशी नोंद लेखात आहे. भगदाड इतके मोठे की रुद्रदामनाच्या मंत्र्यांनीच दुरुस्तीस विरोध केला. प्रजा हवालदिल झाली. तेव्हा राजाने नवा कर न लावता, वेठबिगार न घेता, स्वतःच्या कोशातून खर्च करून अमात्य सुविशाख याच्या हस्ते बांध पूर्वीपेक्षा तिप्पट मजबूत करविला. सुमारे तीनशे वर्षांनी, इ. स. ४५५-५६ मध्ये, तो पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताचा अधिकारी चक्रपालित याने तो पुन्हा बांधला.

या लेखांतील एक गोष्ट मनात ठसते. तळे बांधणाऱ्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो. लेखाचा मोठा भाग दुरुस्तीला वाहिलेला आहे. प्राचीन राज्यकर्त्यांना राखणीचे मोल कळत होते. आज ते तळे नाही, शिलालेख तेवढा उरला आहे. राखणारा हात थांबला की अडविलेले पाणी टिकत नाही, हे त्या शिळेसमोर उभे राहिले की समजते.

खासगी तलाव आणि न्यायासन

राजाच्या तळ्यामागे राजकोश उभा असे. तळे खासगी मालकीचे असेल, तर नुकसानीचा भार कोणी उचलावा? एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न दोन प्रसिद्ध खटल्यांत न्यायालयापुढे आला, आणि दोन्ही खटले कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकविले जातात.

पहिला खटला इंग्लंडमधला. प्रतिवादी जॉन राइलँड्स हे मँचेस्टरच्या कापड-व्यवसायातील त्या काळचे मोठे नाव. लँकेशायर परगण्यातील आपल्या गिरणीला पाणी मिळावे म्हणून त्यांनी कंत्राटदारांकडून एक लहानसा तलाव बांधून घेतला. खोदकामात जुन्या, सोडून दिलेल्या खाणींची मातीने भरलेली तोंडे आढळली. परंतु ती नीट बुजविली गेली नाहीत. ११ डिसेंबर १८६० रोजी तलावाचे पाणी त्या तोंडांतून खाली उतरले आणि शेजारच्या थॉमस फ्लेचर यांच्या कोळशाच्या खाणीत शिरले. जीवितहानी झाली नाही. खाण मात्र बुडाली. राइलँड्स यांचा वैयक्तिक हलगर्जीपणा सिद्ध झाला नव्हता. तरीही १८६८ मध्ये उमरावांच्या सभागृहाने अंतिम निकाल दिला, की जो स्वतःच्या लाभासाठी आपल्या जमिनीवर धोक्याची वस्तू साठवितो, ती निसटल्यास होणाऱ्या नुकसानीस तोच उत्तरदायी होय. 'काम कंत्राटदाराने केले' ही सबब चालली नाही.

दुसरा खटला आपल्या देशातला. मद्रास इलाख्यातील कार्वेतीनगरच्या जमीनदारांच्या हद्दीतील दोन जुने तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेच्या मार्गाचे नुकसान झाले. मद्रास रेल्वे कंपनीने भरपाई मागितली. १८७४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जमीनदारांच्या बाजूने निकाल दिला. हे तलाव पुरातन आहेत, शेतीचे व लोकांचे जीवन त्यांवर अवलंबून आहे आणि ते राखणे हे जमीनदारांचे परंपरेने आलेले कर्तव्यच आहे. त्यांनी राखणीत कसूर केल्याचे सिद्ध न झाल्यामुळे ते दायी नाहीत, असा त्याचा आशय होता.

वरवर पाहता हे निकाल परस्परविरोधी वाटतात. बारकाईने पाहिल्यास दोन्हींच्या मुळाशी एकच विचार दिसतो. स्वतःच्या लाभासाठी पाणी साठविणाऱ्याने धोका स्वतः उचलावा. आणि लोकहितासाठी पाणी राखणाऱ्याला न्यायालय संरक्षण देईल, पण ते त्याने खरोखर राखले असेल तरच. राखणीतून सुटका कोणालाच नाही.

साउथ फोर्क : एका मंडळाचे सरोवर

खासगी धरणाच्या हेळसांडीचे सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घडले. साउथ फोर्कचे मातीचे धरण मुळात राज्य सरकारने कालव्याला पाणी पुरविण्यासाठी बांधले व ते १८५३ मध्ये पूर्ण झाले. उंची सुमारे ७२ फूट, लांबी ९०० फुटांहून अधिक. त्याच्या तळाशी पाणी सोडण्यासाठी दोन फूट व्यासाचे पाच लोखंडी नळ होते. लवकरच रेल्वे आली, कालवा निरुपयोगी ठरला, आणि १८५७ मध्ये धरण रेल्वे कंपनीकडे गेले. १८६२ मध्ये ते अंशतः फुटले. पाणी कमी असल्याने फारशी हानी झाली नाही. १८७५ मध्ये ते एका खासगी गृहस्थाने विकत घेतले. त्याने तळाचे पाचही नळ काढून भंगारात विकले आणि धरणही पुढे विकून टाकले.

१८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांनी तेथे मासेमारी व शिकारीसाठी एक मंडळ स्थापन केले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन अशी बडी नावे त्याच्या सभासदांत होती. मनोरंजनासाठी प्राणिहत्या करणारे ते मंडळ. जैन वाचकाला त्याचा हेतूच रुचणार नाही. पण येथे विषय धरणाचा आहे. मंडळाने फुटलेला भाग माती, झुडपे, गवत आणि शेणखत भरून बुजविला. काढलेले नळ पुन्हा बसविले नाहीत, त्यामुळे पाणी खाली उतरवून दुरुस्ती करण्याची सोयच उरली नाही. घोडागाड्या सहज जाव्यात म्हणून धरणाचा माथा दोन-तीन फूट खाली घेतला. विकत आणून सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. एकेक बदल किरकोळ होता आणि प्रत्येकामागे थोडी सोय किंवा थोडी बचत होती.

खाली १४ मैलांवर जॉन्सटाउन हे पोलादाच्या कारखान्यांचे गाव होते. तेथील केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपले अभियंते जॉन फुल्टन यांना धरण पाहण्यास पाठविले. फुल्टन यांनी दोन दोष स्पष्ट लिहिले : पाणी सोडण्याचा मार्ग नाही, आणि बांधातून मोठी गळती आहे. मंडळाचे अध्यक्ष बेंजामिन रफ यांनी उत्तरी कळविले की तुम्हाला आमच्या धरणापासून कसलाही धोका नाही. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखविली, तीही स्वीकारली गेली नाही. १८८५ मध्ये मॉरेल वारले, १८८७ मध्ये रफ वारले. पत्रव्यवहार फायलीत राहिला आणि गळती बांधात राहिली.

३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसाने सरोवर काठोकाठ भरले. सांडव्याच्या जाळ्यांत पालापाचोळा व ओंडके अडकून वाट तुंबली. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष मजूर घेऊन सकाळपासून माथा उंच करण्याची व जाळ्या मोकळ्या करण्याची धडपड करीत होते. तारेने सूचनाही गेल्या. पण धरण फुटणार ही आवई दरवर्षी उठत असल्याने त्यांकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. दुपारी तीनच्या सुमारास बांध गेला. सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी खोऱ्यातून धावत तासाभरात जॉन्सटाउनवर कोसळले. २,२०९ माणसे मृत्यू पावली. नव्व्याण्णव कुटुंबांत मागे कोणीही उरले नाही.

मंडळाविरुद्धच्या दाव्यांतून कोणालाही भरपाई मिळाली नाही. ही दैवी आपत्ती मानली गेली. सभासदांनी मदतनिधीला देणग्या दिल्या, कार्नेगी यांनी गावाला ग्रंथालय बांधून दिले. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाचा निष्कर्ष असा, की धरणाची मूळ उंची व तळाचे नळ कायम असते, तर त्या दिवसाचा पूर ते पेलू शकले असते. मागाहून दिलेल्या मोठ्या दानापेक्षा वेळेवर बसविलेले पाच नळ थोर ठरले असते. या दुर्घटनेनंतरच्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांच्या न्यायालयांनी राइलँड्स खटल्याचे तत्त्व स्वीकारले.

टोकोआ : एका धर्मसंस्थेचे धरण

साउथ फोर्कचे मालक चैनीखोर श्रीमंत होते, म्हणून असे घडले, असे म्हणून वाचकाने स्वस्थ बसू नये. पुढील उदाहरण एका धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेचे आहे.

जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथे एका ख्रिस्ती धर्मविद्यालयाच्या वर, धबधब्याच्या माथ्यावर, केली बार्न्स नावाचे लहान धरण होते. १८९९ मध्ये तेथे दगड-लाकडाचा बांध झाला होता. विद्यालयाने १९३७ नंतर त्यावर मातीचा भराव घालून स्वतःपुरती वीज निर्माण केली. पुढे भराव वाढवीत त्याची उंची सुमारे ४० फूट झाली. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद पडली. धरणाचा उपयोग संपला आणि त्याबरोबर त्याकडे पाहणारा डोळाही मिटला. तळे शोभेचे म्हणून राहिले. भरावाच्या उतारावर झाडे वाढली, त्यांची मुळे आत खोल गेली. १९७३ च्या सुमाराच्या छायाचित्रात खालच्या उताराचा काही भाग घसरलेला दिसतो. पुढे चौकशी झाली तेव्हा धरणाचे मूळ आराखडेही मिळाले नाहीत.

६ नोव्हेंबर १९७७ रोजी, सततच्या पावसानंतर, रात्री दीडच्या सुमारास बांध फुटला. पाणी १८६ फूट उंचीच्या धबधब्यावरून थेट विद्यालयाच्या आवारात, झोपलेल्या विद्यार्थी-कुटुंबांच्या घरांवर आदळले. ३९ जीव गेले. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. चौकशी मंडळाने कोणत्याही एका कारणावर बोट ठेवले नाही. उताराची घसरण, भरावातून झिरपणारे पाणी अशा अनेक दुबळेपणांचा तो एकत्रित परिणाम असावा, असे मत नोंदविले.

येथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. संस्था सदाचारी होती, धरण तिला वारशाने मिळालेले होते, आणि खाली झोपलेली माणसे तिची स्वतःचीच होती. चांगुलपणा हा बांधाच्या मजबुतीला पर्याय होत नाही, एवढेच ते सांगते.

अमेरिकेत धरणांच्या तपासणीचा कायदा १९७२ मध्येच झाला होता. पुरेशा निधीअभावी तो कागदावर होता. टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तपासणीचा आदेश दिला. पुढील चार वर्षांत सुमारे नऊ हजार धोक्याची बिगर-केंद्रीय धरणे पाहिली गेली आणि त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश असुरक्षित आढळली. ब्रिटननेही १९२५ मध्ये दोन खासगी जलाशय फुटून माणसे दगावल्यानंतर १९३० मध्ये कायदा केला आणि मोठ्या जलाशयांची दर दहा वर्षांनी पात्र अभियंत्याकडून तपासणी बंधनकारक केली. सगळीकडे क्रम तोच : आधी बळी, मग नियम.

राखण म्हणजे नेमके काय?

मातीच्या लहान धरणाची राखण ही गूढ विद्या नाही. बहुतेक धरणे तीन-चार ठरलेल्या कारणांनीच फुटतात. सांडवा अपुरा किंवा तुंबलेला असेल, तर पाणी माथ्यावरून वाहते आणि मातीचा भराव पाहता पाहता कापला जातो. म्हणून पावसाळ्यापूर्वी सांडवा साफ हवा. जादा पाणी साठावे म्हणून त्यावर फळ्या किंवा वाळूच्या गोण्या कधीही रचू नयेत. दुसरे कारण पाझर. बांधाखाली थोडे स्वच्छ पाणी झिरपणे स्वाभाविक असते. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर आतील माती वाहून जात आहे असे समजावे आणि क्षणाचाही विलंब न लावता अभियंत्याला बोलवावे. तिसरे कारण मुळे आणि बिळे. भरावावर गवत असावे, झाड नसावे. उंदीर-घुशींची बिळे दिसताच जाणकाराच्या सल्ल्याने बंदोबस्त करावा, आणि तो जीवहिंसा टाळूनही करता येतो. चौथी गोष्ट मोरीची. तिची झडप वर्षातून एकदा तरी उघडून-मिटून पाहावी. गंजलेली झडप ऐन पुरात उघडत नाही.

याशिवाय एक नोंदवही असावी. पाण्याची पातळी, पाझर, दुरुस्ती आणि पाहणीची तारीख तिच्यात लिहावी, म्हणजे मालक किंवा विश्वस्त बदलले तरी माहिती हरवत नाही. खालच्या वस्तीला तातडीने कळविण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी. आणि पैशाची तरतूद हवी. व्यापारी माणूस यंत्रावर दरवर्षी घसारा धरतो, कारण झीज दिसली नाही तरी ती होत असते. बांधाचीही झीज होत असते. तिच्यासाठी वेगळा निधी काढून न ठेवणाऱ्या मालकाचा ताळेबंद वरून कितीही चोख दिसो, तो खरा नसतो.

कायद्याची कक्षा आणि कर्तव्याची कक्षा

महाराष्ट्राला धरणफुटी नवी नाही. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पुण्याच्या जुन्या पिढीने पाहिला. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण रात्री फुटून खालची वस्ती वाहून गेली. ही दोन्ही धरणे सरकारी होती. भारतात धरण सुरक्षा अधिनियम २०२१ मध्ये झाला. तो १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी काही अटींत बसणाऱ्यांना लागू आहे. म्हणजे शेतावरील, कारखान्याच्या आवारातील किंवा संस्थांच्या जागेतील बहुतेक लहान बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतात. टोकोआचे धरण जेमतेम १२ मीटर उंचीचे होते, हे येथे लक्षात घ्यावे. जेथे कायद्याचा निरीक्षक पोहोचत नाही, तेथे मालकाची विवेकबुद्धी हाच एकमेव निरीक्षक उरतो.

प्रमाद हेच मूळ

जैन आचारशास्त्राने हा विवेक फार पूर्वी शिकविला आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे स्वरूप सांगताना प्रमादाला मूळ मानले. मारण्याची इच्छा नव्हती, एवढ्याने माणूस निर्दोष ठरत नाही. सावधपणा सोडला तेथेच हिंसेची सुरुवात झाली. अनर्थदंडविरमण व्रतात प्रमादचर्येचा वेगळा उल्लेख आहे आणि तिच्यात पृथ्वी, पाणी, अग्नी यांच्याशी केलेल्या बेपर्वाईचा समावेश होतो. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवर-तडाग शोषणाचा, म्हणजे तळी आटविण्याचा, व्यवसाय येतो, कारण पाण्यातील व पाण्याच्या आश्रयाने जगणाऱ्या असंख्य जीवांचा त्यात घात होतो. बांध फुटू देणारा तर तळे तासाभरात आटवितो, आणि खालच्या जीवांचाही घात करतो. नळ विकणारा, जाळी लावणारा, झाड वाढू देणारा यांपैकी कोणालाही कोणास मारायचे नव्हते. तरीही माणसे गेली. याचेच नाव प्रमाद, आणि त्यावरील उपाय म्हणजे यतना.

म्हणूनच आपल्या आचार्यांनी नव्या बांधणीपेक्षा जीर्णोद्धाराचे फळ अधिक सांगितले. नव्या कामाला कोनशिला मिळते, समारंभ मिळतो. साफ केलेल्या सांडव्यावर कोणाचे नाव लागत नाही. ज्या कामाला नाव नाही, ते करीत राहणे हीच विश्वस्तपणाची कसोटी होय.

साउथ फोर्कचे धरण छत्तीसाव्या वर्षी गेले, टोकोआचा मातीचा बांध चाळीशीच्या आसपास गेला. दोघांनाही सुवर्णमहोत्सव लाभला नाही. एखादी संस्था पन्नास वर्षे उभी राहते, तेव्हा तिच्या पायाभरणीइतकेच श्रेय वर्षानुवर्षे भिंतीची ओल पाहणाऱ्या, छपराची कौले फेरणाऱ्या आणि हिशेबाची वही वेळेवर पुरी करणाऱ्या अनाम हातांचे असते. ज्यांच्या ताब्यात शेतातले तळे आहे, कारखान्याचा जलाशय आहे किंवा संस्थेच्या जागेत पूर्वजांनी घातलेला जुना बांध आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा त्या बांधावरून चालत जावे, आणि माथ्यावर उभे राहून पाण्याकडे पाहून झाल्यावर, पाठ फिरवून खालच्या वस्तीकडेही पाहावे.

इति शुभम्.